व्याह्यांचा तक्ता आणि आमचं आडनाव

आमचं आडनाव मी इथं लिहिणार नाही. माझ्या व्याह्यांचंही लिहिणार नाही, आणि वरळीच्या ज्या गृहस्थांबद्दल पुढे येईल त्यांचं तर मुळीच नाही. का ते वाचता वाचता कळेलच. एवढंच सांगतो की आमचं आडनाव कोकणातल्या एका गावावरून आलेलं, शेवटी ‘कर’ असलेलं आहे, आणि त्या गावी मी आयुष्यात एकदाही गेलेलो नाही.

परळ-लालबागच्या चाळीत वाढणाऱ्या पोराला गाव नसणं ही मोठी नामुष्की असते. मे महिना लागला की अख्खी चाळ बोचकी बांधून एसटीच्या रांगेत. जूनमध्ये पोरं काळीठिक्कर होऊन परत यायची, फणसाच्या आणि विहिरीत पोहण्याच्या गप्पा मारायची, आणि मी उगाच चप्पल शोधल्यासारखं करायचो. गणपतीत पुन्हा तेच. शेजारच्या काकू विचारायच्या, “तुमच्या तर नावातच गाव आहे, मग जात का नाही?” आप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. ते म्हणायचे, “आपलं तिथं काय राहिलं नाही.” आणि तंबाखू मळायला घ्यायचे. तंबाखू मळणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही.

मी स्वतः बत्तीस वर्षं भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर बसून टायपिंग केलं. आधी टाइपरायटर, मग कंप्युटर. भाडेकरार, वारसाचे अर्ज, आणि सगळ्यांत जास्त प्रतिज्ञापत्रं. त्यांतही नावांची फार. लग्नानंतर बदललेलं नाव, नवऱ्याला सोडल्यावर परत घेतलेलं नाव, ज्योतिषाने सुचवलेलं नाव. ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ इथपासून सुरू करून अर्ध्या पानात माणसाचं नाव बदलतं, हे मी रोज बघत होतो. त्यामुळे घराणं, कूळ, वंश असल्या गोष्टी कुणी छाती फुगवून सांगायला लागलं की मला जांभई येते. हा माझा स्वभावदोष आहे असं आमची ही म्हणते. असेल.

मुलगी शिकायला जर्मनीला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न केलं. लग्न तिकडे झालं, इकडे दादरला एक छोटा हॉल घेऊन आम्ही जेवण दिलं. जावई गुणी आहे, पुरणपोळी दुधाबरोबर खातो, तक्रारीला जागा नाही. त्याचे वडील तेव्हा आजारपणामुळे येऊ शकले नव्हते. ते यंदा थंडीत आले, मुलीबरोबर. जावयाला सुट्टी मिळाली नाही. आमच्या दोन खोल्यांत पाहुण्याची सोय होईना म्हणून दादरला एका लॉजवर त्यांना उतरवलं. रोज सकाळी मुलगी त्यांना घेऊन भोईवाड्याला आमच्याकडे यायची.

व्याही सत्तरीचे, उंच, विधुर. कोळशाच्या खाणीत मोजणीचं काम करून निवृत्त झालेले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच उद्योग लावून घेतला होता : स्वतःच्या आडनावाचा शोध. चर्चमधल्या जुन्या वह्या चाळायच्या, कबरींवरची नावं उतरवून घ्यायची, त्याच नावाच्या अनोळखी माणसांना पत्रं लिहायची. आता त्याचं पुस्तक होणार होतं, घरच्यांपुरतं, पण चांगलं बांधलेलं. मुलीने हे सांगितलं तेव्हाच मला जांभई आली होती.

चौथ्या दिवशी ते वंशावळीच्या तक्त्याची लांबलचक गुंडाळी घेऊन आले. उलगडायला खाली जागा पुरेना. शेवटी आप्पांच्या खाटेपासून ती दारापर्यंत नेली, एका टोकावर पोळ्यांचा डबा आणि दुसऱ्या टोकावर खलबत्ता ठेवला. आप्पा सहसा अशा वेळी भिंतीकडे तोंड करून पडतात. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कान तीक्ष्ण, मर्जी स्वतःची. पण त्या दिवशी उठून बसले, चष्मा मागितला.

“काय ते विचार त्यांना,” नातीला म्हणाले. “पहिल्यापासून सांगा म्हणावं.”

व्याही सांगत गेले आणि मुलगी मराठीत करत गेली. जर्मनीच्या वायव्येला वेस्टफालिया नावाचा मुलूख आहे. सखल, ओलसर जमीन, गावं एकसलग नाहीत, एकेक शेत सुटं सुटं आणि मधोमध घर. त्यातलं एक घर ओढ्याच्या पलीकडे होतं. ‘ओढ्यापलीकडचं’ हेच त्या घराचं नाव, आणि तेच त्यांचं आडनाव. आपल्याकडे त्याला ‘कर’ लागलं असतं, एवढाच फरक. चर्चच्या सगळ्यांत जुन्या वहीत ते नाव आहे, पण ते कुणा माणसाचं म्हणून नाही, घराचं म्हणून.

“म्हणजे?” मी विचारलं.

म्हणजे असं की तिथं नाव माणसाला नव्हतं, शेताला होतं. शेतावर जो राहील त्याला शेताचं नाव लागायचं. घरात मुलगा नसला आणि मुलीने नवरा आणला, तर तो नवरा स्वतःचं नाव दाराबाहेर ठेवून आत यायचा. पुढे त्याची पोरंबाळं त्या घराच्याच नावाने ओळखली जायची.

“घरजावई!” आमची ही आतून ओरडली.

मुलीने त्याचं जर्मन कसं केलं कोण जाणे, पण व्याही मोठ्याने हसले. मग कागदावर दोन ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, आमच्या घराण्यात असं दोनदा झालंय. म्हणजे ज्याला मी माझं घराणं म्हणतो त्यातलं रक्त निराळ्याच लोकांचं आहे. नाव तेवढं ओढ्यापलीकडचं.

हे ऐकल्यावर मला ते गृहस्थ आवडायला लागले. चाळीस वर्षं खाणीत मोजणी केलेला माणूस स्वतःच्या वंशाचीही मोजणी तशीच करत होता, आकडा येईल तो येईल.

पुढची गोष्ट तर आमच्या ओळखीचीच निघाली. शेत एकाच मुलाला मिळायचं. बाकीचे भाऊ त्याच्याकडे राबायचे, नाहीतर दर उन्हाळ्यात विळे घेऊन शेजारच्या हॉलंडमध्ये गवत कापायला जायचे आणि हिवाळ्यापूर्वी परत यायचे. मग रूर नदीच्या बाजूला कोळशाच्या खाणी निघाल्या, तशी ही पोरं तिकडे गेली. एका खोलीत दहाजण, पाळीपाळीने झोपायचं. एक उठला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा. आप्पांनी मान डोलावली. खाणीच्या गावात कुणाला ओढा ठाऊक नव्हता, शेत ठाऊक नव्हतं, पण तोवर सरकारने कायदा केला होता की बापाचं आडनाव तेच पोराचं. त्यामुळे घर मागे राहिलं आणि घराचं नाव माणसांबरोबर निघालं. एक भाऊ बोटीत बसून अमेरिकेला गेला. आता त्या नावाची माणसं जर्मनीपेक्षा तिकडेच जास्त आहेत. आणि मूळ शेतावर गेली कित्येक वर्षं तिसरंच कुणी राहतं, घोड्यावर बसायला शिकवतात म्हणे तिथं. व्याही तिथं गेले, आपलं नाव सांगितलं. मालकिणीने कॉफी दिली आणि विचारलं, “आमच्या शेताचं नाव तुम्ही कसं काय लावता?”

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. ते कागदावरच्या त्या दोन ठिकाणांकडे बघत होते, जिथं बाहेरचा माणूस घरात आला होता.

“विचार त्यांना,” ते म्हणाले, “ज्याने आपलं नाव दाराबाहेर ठेवलं, त्याच्या त्या नावाचं पुढे काय झालं?”

व्याह्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. त्यांनी त्या दोन ठिकाणांवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाले, एकाचं सापडलं, त्याच्या भावांनी चालवलं. दुसऱ्याचं नाही सापडलं. पुष्कळ शोधलं.

“पुष्कळ शोधलं?” आप्पांनी पुन्हा विचारलं.

“तीन वर्षं.”

आप्पांनी खाटेवरून हात लांब करून व्याह्यांच्या हातावर ठेवला. असं काही ते करत नाहीत. माझ्या लग्नातही त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवल्याचं मला आठवत नाही.

चहा झाल्यावर व्याह्यांनी शेवटचं पान काढलं. सुनेच्या माहेरची तीन पिढ्यांची हकिगत त्यांना पुस्तकात घालायची होती : आडनाव कुठून आलं, गाव कोणतं, मुंबईत कोण आणि कशासाठी आलं. मुलीने मांडीवर लॅपटॉप घेतला आणि मी धडाधड सांगायला सुरुवात केली. हेच तर काम मी बत्तीस वर्षं केलं. अमुक आडनाव, अमुक गावावरून पडलेलं, तालुका अमुक, आजोबा त्या गावाहून गिरणीत कामाला आले.

“ते छापू नको,” आप्पा म्हणाले.

“का?”

“खोटं आहे ते.”

मुलीची बोटं थांबली. व्याही एकदा माझ्याकडे, एकदा आप्पांकडे बघायला लागले. आप्पा आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वय झालंय,” मी म्हणालो. मुलीने ते जर्मनमध्ये सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ही भाजीला गेलेली असताना, आप्पांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं. साठी उलटल्यावर मला कळलं की मी कोण आहे.

माझे आजोबा त्या गावचे नव्हतेच. ते खाडीच्या अलीकडच्या दुसऱ्या गावचे. लहानपणीच आईबाप गेले, चुलत्याने सांभाळलं म्हणजे राबवून घेतलं, आणि मिसरूड फुटायच्या आत ते मुंबईला पळून आले. लालबागला एका खोलीत पंधरावीस माणसं राहायची, त्यात यांनाही जागा मिळाली. तिथं शेजारच्या वळकटीवर एक मित्र होता, वयाने थोडा मोठा, गिरणीत कायम झालेला. त्याला छातीचा विकार झाला. गावी जाऊन हवापालट करा असं डॉक्टर म्हणाला. जागा सोडली तर परत मिळायची नाही, म्हणून त्याने आपला गिरणीचा पास आजोबांना दिला. मी येईपर्यंत माझ्या नावावर तू काम कर, असं म्हणाला. खात्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, सगळं माहीत होतं. त्याला माग चालण्याशी मतलब, मागावर उभा असलेला माणूस कोण याच्याशी नाही. असं तेव्हा सर्रास चालायचं.

मित्र दोन पावसाळे आला नाही. लोक म्हणाले, गेला असणार. आजोबा त्याच्या नावाने साच्यांवर तयार झाले. त्याच नावाने त्यांनी खोली घेतली, लग्न केलं, आणि म्युनिसिपालिटीत पोराचा जन्म नोंदवला तोही त्याच आडनावाने. ते पोर म्हणजे आप्पा.

“आणि मग तो आला,” आप्पा म्हणाले. “बरा होऊन. दारात उभा राहिला. माझी आई मला पाजत होती.”

“मग?”

“मग काय. माझ्या बापाने म्हणायला हवं होतं, घे बाबा तुझी जागा. नाही म्हणाला. गप्प उभा राहिला. मरताना मला हेच सांगत होता, मी गप्प उभा राहिलो रे.”

त्या मित्राने खोलीकडे बघितलं, बाईकडे, तान्ह्या पोराकडे. पाणी मागून प्यायला. मग म्हणाला, “राहू दे. माझ्या नावाचा माणूस आता गिरणीत आहेच. मी दुसरीकडे बघतो. पण मला काहीतरी नाव लागेल ना? तुझं दे. नाहीतरी ते बिनकामाचं पडलंय.”

आणि तो आजोबांचं आडनाव घेऊन गोदीत कामाला लागला. पुढे बीडीडी चाळीत वरळीला त्याला खोली मिळाली, संसार झाला. दोघं परत कधी भेटले नाहीत. लाजेने म्हणा, नाहीतर भेटून बोलणार काय म्हणून. तो वारला तेव्हा आप्पा वरळीला जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले होते. त्याचा मुलगा मडकं घेऊन पुढे चाललेला त्यांनी बघितला आणि घरी आले.

मी जे म्हणालो त्याची आता लाज वाटते, पण म्हणालो ते खरं : “आप्पा, एवढंच ना? प्रतिज्ञापत्र करू. दोन मिनिटांचं काम आहे. मूळ आडनाव असं असं, प्रचलित असं असं.”

आप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला सातवीत नापास झालो तेव्हापासून माहीत आहे.

“कागदावर आयुष्यभर खोटंच होतं,” ते म्हणाले. “रेशनकार्डावर, पासावर, तुझ्या शाळेच्या दाखल्यावर. ते पोटासाठी होतं, त्याचं मला काय वाटत नाही. पण ह्या माणसाने एका नावासाठी तीन वर्षं घातली. त्याच्या पुस्तकात मी खोटं लिवू?”

“मग खरं लिहू.”

“खरं एकट्या आपलं आहे का? त्यात त्यांचंही आहे. ते नाव आता त्यांच्या घरात आहे. आधी त्याच्या त्या वरळीच्या मुलाला जाऊन विचारायला पाहिजे. तो हो म्हणाला तर लिवायचं.”

व्याही चार दिवसांनी जाणार होते. पुस्तक त्यानंतर लगेच छापायला जायचं होतं. आप्पांना जिन्यावरून खाली उतरून सहा महिने झाले होते. मी कुरकुर केली, ब्लडप्रेशरचं कारण काढलं, उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते धुतलेला सदरा घालून, टोपी घालून खाटेवर तयार बसले होते. हातात पेढ्यांचा पुडा.

टॅक्सीत ते एकदाच बोलले. “मी त्याला भाऊ म्हणू की काय म्हणू?” मी टॅक्सीवाल्याला हळू चालवायला सांगितलं.

वरळीला बीडीडीतल्या लोकांना नव्या इमारती मिळाल्यात. जुन्या चाळीचा पत्ता घेऊन गेलेलो आम्ही चौकशी करत करत एका टॉवरच्या लिफ्टपाशी पोचलो. वर गेलो. लांब बोळ, एकसारखे दरवाजे, दारांबाहेर चपला आणि सायकली. एका दारावर पितळी पाटी होती आणि तिच्यावर आमचं आडनाव. म्हणजे आमचं खरं आडनाव.

आप्पा पाटीसमोर उभे राहिले. त्यांनी ती वाचली, मग पुन्हा वाचली. मी घंटीकडे हात नेला तसा त्यांनी तो धरला. बापाचं नाव पंच्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा एखाद्या दारावर बघणाऱ्या माणसाला घाई कशी करणार?

दार उघडलं ते त्या मुलानेच, म्हणजे पंचाहत्तरीच्या गृहस्थांनी. गोल चेहरा, अंगात बनियन, कपाळाला अंगारा. आप्पा म्हणाले, “तुमचे वडील आणि माझे वडील लालबागला एका खोलीत राहायचे. नातीचं लग्न झालं, पेढे घेऊन आलोय.” हे सगळं अक्षरशः खरं होतं.

त्या माणसाला किती आनंद झाला म्हणून सांगू! आत ओढूनच नेलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं, पंखा वाढवला, आप्पांच्या पाठीला उशी लावली. “वडलांच्या ओळखीचं माणूस आज किती वर्षांनी घरात आलं,” असं दोनदा म्हणाले. भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. आप्पा त्या फोटोकडे बघून घेत होते. ज्याच्या नावाने आप्पांचा पाळणा हलला, तो माणूस.

“आपलं नाव काय म्हणालात?”

आप्पांनी आडनाव सांगितलं. सांगून ते थांबले. ज्याचं ते नाव, त्याच्या मुलाच्या तोंडावर ते उच्चारलं गेलं होतं.

गृहस्थांनी आठवून बघितलं, मान हलवली. “नाही हो. वडलांच्या तोंडून हे नाव कधी ऐकलं नाही.”

त्याला सांगितलेलंच नव्हतं. त्याच्या बापाने आपलं नाव जसं दिलं तसं सोडूनही दिलं होतं, शब्दही मागे ठेवला नव्हता.

मला वाटलं, आता आप्पा सांगतील. पण ते गृहस्थ बोलायला लागले होते आणि त्यांना थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. वडलांनी गावी कधी नेलं नाही, म्हणाले. विचारलं की विषय बदलायचे. शेवटी गोदीतून रिटायर झाल्यावर मीच निघालो. नावातच गाव आहे म्हटल्यावर शोधायला काय कष्ट? गेलो, देवळात जाऊन उभा राहिलो, म्हणालो, मी तुमच्या गावचं नाव लावतो, माझं इथं काही आहे का? गावात माणसं राहिलीत किती, पाचपन्नास म्हातारी. त्यांना कोण आनंद! एक म्हातारी म्हणाली, अमक्या घरचा एक अनाथ पोर मुंबईला पळून गेला होता, त्याचा असशील. तिने मला जागा दाखवली. घर कधीच पडलेलं, नुसतं जोतं उरलंय. बाजूला फणस.

“कुठला फणस?” आप्पांनी विचारलं.

“कापा, बरका नाही. असा गोड की काय सांगू.”

त्यांनी मोबाइल काढला आणि आप्पांच्या हातात दिला. गवत काढून स्वच्छ केलेलं दगडी जोतं, त्याच्या मधोमध नवं तुळशीवृंदावन, त्यात पणती. घर बांधायला काही जमायचं नाही, ते म्हणाले, पण वाडवडिलांचं जोतं अंधारात कशाला ठेवायचं? म्हणून शेजारच्या घरी सांगून ठेवलंय, रोज संध्याकाळी दिवा लागतो. शिमग्याला मी जातो, मुलं येतात, नातू येतो. पालखीला खांदा द्यायला आम्हाला मान दिलाय गावाने.

आप्पांनी तो फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला. त्यांच्या बापाचं घर. आमचं घर. बोट लागून फोटो सरकला तर गृहस्थांनी परत आणून दिला.

“तुमचं गाव कुठलं?” त्यांनी विचारलं.

“खाडीपलीकडचं,” आप्पा म्हणाले.

“जाता की नाही?”

“नाही झालं जाणं.”

“जा हो!” ते गृहस्थ आप्पांना समजावायला लागले. “माणसाने गाव सोडू नये. आता मला बघा.” आणि त्यांनी देवघरातून पुडी आणली, आमच्याच ग्रामदेवीचा अंगारा आप्पांच्या कपाळाला लावला. आप्पांनी लहान मुलासारखे डोळे मिटून घेतले.

चहा झाला, पोहे झाले. मला राहवेना. एवढ्यासाठी सहा महिन्यांनी जिना उतरलेला माणूस बोलत का नाही? मी म्हणालो, “आप्पा, ते पुस्तकाचं विचारणार होता ना तुम्ही.”

“हां,” आप्पा म्हणाले. त्यांनी फोटोतल्या हार घातलेल्या माणसाकडे एकदा बघितलं. “नातीचा सासरा पुस्तक करतोय, घराण्यांचं. त्यावरून जुनी माणसं आठवली, म्हणून आलो. बाकी काय नाही.”

निघताना त्या गृहस्थांनी आप्पांना वाकून नमस्कार केला. आप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पुष्कळ वेळ उचलला नाही.

लिफ्टचं दार लागलं आणि मी चिडलो. एवढी दगदग केलीत, तोंडाशी आलेलं बोललाच नाहीत, आता मी व्याह्यांना काय सांगू, वगैरे सगळं बोललो. आप्पा टोपी सारखी करत ऐकत होते.

“आधी जे सांगितलंस तेच लिव म्हणावं,” ते म्हणाले.

“खोटं?”

“खोटं.”

मजले उलटे सरकत होते. मला वाटलं बोलणं संपलं. मग त्यांनी माझा दंड धरला, आणि एखाद्या लेकीला सासरी बघून आलेल्या बापाच्या आवाजात म्हणाले, “आपलं नाव चांगल्या घरी पडलं रे.”